बाबांना घेऊन शापोऱ्यात गरवायला: दोघांची कायाक आणि परतीचं पाणी

कुठली कायाक, कुठली गरी, कुठला मासा हे सगळं नंतर. सत्तरीच्या आसपासच्या बापाला घेऊन नदीत उतरायचं असेल तर आधी एकच ठरवायचं: परत येताना पाणी आपल्या बाजूनं वाहत असेल का? जाताना दोघांच्याही अंगात जोर असतो. परतताना ऊन चढलेलं असतं, बाबांची कंबर धरलेली असते, आणि वल्हवायचं काम तुमच्या एकटीवर किंवा एकट्यावर आलेलं असतं. त्या वेळी ओहोटीनं उचलून धक्क्याला आणून सोडलं पाहिजे.

मी म्हापशाला राहते, बाबा पेडण्यातल्या आमच्या घरी. प्राथमिक शाळेतले मास्तर होते. शाळा सुटली की बांधावर बसून हातातल्या दोरीनं गरवायचे. कायाक माझी, मासे कुठं असतात ते त्यांना ठाऊक. आम्ही उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीत चोपड्याच्या बाजूनं उतरतो आणि चोपडे-शिवोली पुलापासून वर, कामुर्लीच्या दिशेनं जातो. खाली लिहिलंय ते याच पाण्याबद्दल. तुमची नदी साळ असेल किंवा काणकोणातली तळपण, दिशा बदलतील, हिशेब तोच.

तिथीचा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असतो. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला पाणी भरणार, पुन्हा रात्री साधारण साडेनवाच्या आसपास. हा अंदाज झाला. निघायच्या आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघाच, आणि मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते हे त्यात धरा.

मला लागतं ते असं: उजाडताना भरती चढती, नऊ-साडेनऊला पाणी थांबलेलं, आणि मग ओहोटी. एकादशी आणि द्वादशी या दोन तिथी त्यात बरोबर बसतात. पण एकादशीला आमच्या घरात गरीला हात लावायची सोय नाही; आई दारातच उभी राहते. उरली द्वादशी. ती सोमवारी किंवा गुरुवारी आली तर मासे आणून करणार काय, म्हणून तीही गेली. अशानं महिन्यात शुद्ध आणि वद्य मिळून दोन दिवस हाती लागतात, कधी एकच. तेवढ्यावर भागवायचं. फारच वाटलं तर अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भांग असतं, पाण्याला ओढ कमी. सकाळभर ओहोटी असते, त्यामुळे जाताना थोडं उलट्या पाण्यातून वल्हवावं लागतं, पण येताना सुखाचं. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळा: भरती अकराच्या आसपास, ओढ जबरदस्त, आणि परत फिरेपर्यंत डोक्यावर ऊन. चतुर्थी-पंचमीला तर साडेनऊ-दहानंतर भरती सुरू होते. तुम्ही घरी यायला निघता आणि पाणी तुम्हाला वर नेतं. असल्या दिवशी बांधावरूनच गरवा.

वाऱ्याचंही असंच. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. आपण वर म्हणजे पूर्वेला जात असतो, म्हणून तो तोंडावर येतो, पण जोर नसतो आणि भरती ढकलत असते. अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुटतो. ओहोटीचं पाणी खाली जाणार आणि वारा समोरून येणार, मग लाटा आखूड आणि टोकदार होतात, पुढे बसलेल्या माणसाच्या मांडीत पाणी येतं. त्याआधी धक्क्याला लागायचं. सूर्यही लक्षात घ्या: जाताना डोळ्यांत, येताना पाठीवर. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना समोरच्या पाण्यावरची चकाकी सोसत नाही. पुढे छज्जा असलेली टोपी आणि पोलराइज्ड चष्मा दोघांनाही. चष्म्याला मागून दोरी बांधा.

पुलाच्या खाली, मुखाकडे, वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊ नका. ओहोटीला सगळी नदी मोरजी आणि शापोऱ्याच्या किल्ल्यामधल्या तोंडातून बाहेर पडते, आणि तिथल्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. धक्क्यावरून बघताना ते तोंड शांत दिसतं. शापोऱ्याच्या जेट्टीवरचे ट्रॉलरही तिथूनच ये-जा करतात आणि त्यांना पाण्यालगत बसलेली दोन माणसं दिसतीलच असं नाही. मोरजीच्या टेंबवाड्याच्या वाळूवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. आखून ठेवलेल्या पट्टीत कायाक ओढायची नाही, पाय मोकळे करायलाही नाही. आणि मांडवी-झुआरीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा कितीही सुंदर दिसला तरी तिथं मगरी आहेत. त्या मोठ्या बोटीतून बघाव्यात.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबरात पाणी अजून तांबडं असतं, एप्रिल-मेच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला बसवणं हा छळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. ती यांत्रिक होड्यांसाठी असली तरी पावसात नदीला आलेल्या लोंढ्यात वल्ह्याच्या होडीनं जायचं कारण नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की लोक निघतात. आम्ही त्यानंतरही दिवाळीपर्यंत थांबतो.

कायाक दोघांची घ्या, आणि वर बसायची. जिच्या आत पाय घालून बसावं लागतं ती नको, कारण उलटली तर गुडघे दुखणारा माणूस त्यातून पाय कधी काढणार? वर बसायच्या कायाकला तळातून आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपसूक निघून जातं. साधारण बारा-तेरा फुटांची, रुंद, दोघांच्या वजनाला आणि बर्फाच्या डब्याला पुरून उरेल अशी. ती जड असते, तीस किलोच्या वर, म्हणून चाकाची छोटी गाडी घ्या. बाबा पुढचं टोक उचलायला धावतात. त्यांना त्या वेळी वल्ही आणि सुंगटांची, म्हणजे आमिषाच्या कोळंबीची, बादली द्यायची. हात रिकामे ठेवले की ते वजन उचलणारच. पाठीला टेकायला उंच आणि जाड गादीची बैठक हवीच. कायाकबरोबर मिळते ती पातळ गादी विशीतल्या कमरेसाठी असते.

बसवायची रीत नीट शिका, कारण बहुतेक लोक पाण्यात पडतात ते चढता-उतरताना. कायाक गुडघाभर पाण्यात काठाला समांतर आणायची. तुम्ही पलीकडच्या बाजूला उभे राहून दोन्ही हातांनी कड दाबून धरायची. बाबांनी बैठकीकडे पाठ करायची, हात मागे दोन्ही कडांवर टेकायचे, आणि आधी बूड टेकवायचं. पाय अजून पाण्यातच. बूड स्थिर झालं की मग एकेक पाय उचलून आत. उभ्यानं एक पाय आत टाकून चढणं, जसं लोक होडीत चढतात, ते इथं चालत नाही. उतरताना उलट: आधी दोन्ही पाय एका बाजूला पाण्यात सोडायचे, तळ लागला का बघायचं, मग तुमच्या खांद्यावर हात ठेवून उठायचं. पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट. चपला चिखल गिळतो, आणि दगडांवरच्या कालवांनी तळपाय कापला की आठवडाभर भरत नाही. वाळूवरून चालताना पाय उचलून टाकू नका, सरपटत न्या. खाली पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असलं तर ते बाजूला होतं.

लाइफ जॅकेटवरून वाद होणार. "मी या नदीत पोहत वाढलोय, गो." वाढले असतील, पण तेव्हा वय बारा होतं. मी वाद घालत नाही. जॅकेट घातल्याशिवाय कायाक पाण्यात ढकलत नाही, एवढंच. पुढे खिसे असलेलं, मासेमारीसाठीचं जॅकेट आणलं. एका खिशात त्यांची तपकिरीची डबी, दुसऱ्यात शिटी. तेव्हापासून ते स्वतःहून घालतात. पहिल्यांदा गरी न घेता जा, आणि छातीभर पाण्यात कायाक मुद्दाम उलटवून बघा. ती सरळ करायची, तुम्ही एका बाजूनं लटकून तोल धरायचा, बाबांनी दुसऱ्या बाजूनं पालथं पोटावर चढायचं, मग वळून बसायचं. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर तेही कळलेलं बरं: मग उलटल्यावर चढायचा हट्ट सोडून कायाकला धरून पाय मारत काठ गाठायचा, आणि त्यासाठी सबंध वेळ काठापासून दूर जायचं नाही. पाणवनस्पतींच्या आणि खारफुटीच्या कडेकडेनंच जायचं. मासाही तिथंच असतो.

शरीराच्या गोष्टी मोकळेपणानं बोला. रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी सकाळची असेल तर ती त्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. तासाभरानं एखाद्या पुळणीवर उतरायचं, बाबांनी मागितलं नाही तरी. "मला पाय मोकळे करायचेत" असं आपणच म्हणावं. पाणी दोन लिटर, शिवाय मीठ घातलेलं कोकम सरबत. खायला चुरमुरे-चिवडा नको, हाताला तेल लागतं आणि गरी निसटते. आई पातळ पोळीत गूळ-तूप गुंडाळून देते, एका हातानं खाता येतं. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पिशवी तुमच्या जॅकेटला. घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवायची.

बाबा पुढे, मी मागे. मागच्याच्या वल्ह्यानं दिशा बदलते, आणि पुढचा माणूस सतत नजरेसमोर राहतो. गरी टाकताना ठरलेलं असतं: घड्याळाच्या काट्याप्रमाणे नऊ ते तीन त्यांचं, उरलेलं मागचं माझं. दोघांनी एकदम टाकायची नाही. टाकताना कधीही डोक्यावरून मागे न्यायची नाही, बाजूनं, मनगटानं. माझ्याकडे पावणेसात फुटांचा रॉड, ३००० मापाचं रीळ, २० पौंडांची विणलेली दोरी, आणि पुढे हातभर ४० पौंडांचं जाड नायलॉन. तो जाड तुकडा हवाच. आम्ही ज्याच्या मागे असतो तो मासा चोणक, म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला धार असते आणि तोंड खरखरीत. बारीक दोरी तो झटक्यात कापतो. नकली आमिष म्हणून बोटभर लांबीचा, उथळ पाण्यात बुडणारा मासा किंवा शिशाच्या डोक्याचं मऊ रबर. बाबा या रबराकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांची जाड दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली असते, आणि आमिष जिवंत सुंगटं. खरं सांगायचं तर मासे त्यांनाच जास्त लागतात.

सुंगट लावण्यातच अर्धी विद्या आहे. बोटाच्या दोन पेरांएवढं निवडायचं, ओल्या हातानं धरायचं. डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या खाली, कवचातून काळसर ठिपका दिसतो. तो त्याचा जीव. गरीचं टोक त्या ठिपक्याच्या पुढून, काट्याच्या मुळाशी, आडवं आरपार काढायचं. ठिपक्याला धक्का लागला तर सुंगट तिथंच पांढरं पडतं. नीट लागलं तर पाण्यात सोडल्यावर ते उलटं उलटं शेपटी मारत खाली जातं, आणि चोणक तेच बघत असतो. शिसं अगदी कमी, पाण्याच्या ओढीनं दोरी तिरपी जाईल इतपतच. बादलीतलं पाणी अर्ध्या-अर्ध्या तासानं बदला. खाऱ्या पाण्याचं सुंगट नळाच्या पाण्यात टिकत नाही.

आता मासा कुठं. भरती चढत असताना बारीक मासळी आणि सुंगटं खारफुटीच्या मुळांत शिरतात, मोठा मासा त्यांच्या मागोमाग आत. तेव्हा दोरी मुळांत अडकते, फार हाती लागत नाही; हा वेळ वर जाण्यात, काळुंदर मासे बघण्यात घालवावा. पाणी थांबून खाली सरकायला लागलं की खेळ सुरू होतो. मुळांतलं पाणी छोट्या छोट्या व्हाळांतून नदीत उतरतं, सोबत सगळी बारीक मासळी येते, आणि व्हाळाच्या तोंडाशी, गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथं मिळतं त्या रेषेवर, चोणक तोंड करून थांबतो. ओहोटीचा पहिला तास. आपण त्याच वेळी परतीला लागलेलो असतो, म्हणून एकेक व्हाळ घेत खाली यायचं. दगडी बांध पडलेला असेल तिथं तांबोशी, पुलाच्या खांबांपाशी पालू आणि गोबरा.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधाला मानस असते, पाणी आत-बाहेर सोडायचं दार. तिथं ओहोटीला मासा नुसता उकळतो. तिकडे गरी टाकायची नाही. मानशीच्या मासळीचा लिलाव होतो, कोणीतरी पैसे भरून तो हक्क घेतलेला असतो. लांबूनच जा, बांधावर माणूस असला तर हात करा. नदीत खुंटांना बांधलेल्या जाळ्यांपासूनही तितकंच लांब. बाबांनी बांधावरच्या एकाला विचारलं की तो बोलता बोलता हल्ली मासा कुठं लागतोय ते सांगून टाकतो. मी विचारलं तर "काय नाय गो" एवढंच उत्तर मिळतं.

व्हाळाच्या तोंडाशी थांबायला घडीचा छोटा नांगर, दीड किलोचा पुरे. दोरी खोलीच्या तिप्पट सोडा. ती फक्त पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधायची. मधोमध बाजूला बांधली तर ओहोटीचं पाणी कायाकवर आडवं येतं आणि उलटवतं. गाठ अशी की एका ओढीनं सुटेल, आणि जॅकेटला सुरी. नांगर चिखलात रुतला तर कापा. नांगर परत मिळतो दुकानात.

लागला की ओळखायला कष्ट नाहीत. चोणक तोंड उघडून पाणी आत ओढतो, "थाप्प" असा आवाज होतो, आणि दोरी मुळांकडे पळते. त्या क्षणी तुमची गरी पाण्याबाहेर आणि वल्हं हातात. बाबांनी दोरी धरायची, तुम्ही दोन-चार वल्हे मागे मारून कायाक मुळांपासून ओढायची. मधल्या पाण्यात आला की तो उडी मारून डोकं झटकतो. दोरी ताठ ठेवा पण त्या झटक्याला जरा सैल द्या. पहिल्यांदा मला लागला तेव्हा मी दोन्ही हातांनी खेचत सुटले, तर पुढून मागे न बघता बाबा म्हणाले, "अगो, मासा ओढतेयस की विहिरीतून घागर काढतेयस? त्याला दमू दे." शेवटचं काम जाळीचं. जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवायची आणि मासा तिच्यावर आणायचा. जाळीनं मासा मारायला जाऊ नका, आणि दोघांनी एकाच बाजूला वाकू नका.

कल्ल्यात बोट घालायचं नाही. खालचा जबडा पकडायचा साधा चिमटा मिळतो, तो वापरा. शिंगाळा आला तर जास्त जपा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, तिन्ही विषारी. टॉवेलनं दाबून, लांब नाकाच्या पकडीनं गरी काढा. गरी गिळलेली असेल तर दोरी कापून सोडून द्या. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून धरायचा, ठणका त्यानं कमी होतो, आणि मग दवाखाना. आम्ही थर्मासात चहा नेतो, पण दुसरा थर्मास नुसत्या गरम पाण्याचा असतो तो यासाठी.

चोणक लहान असताना नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे नदीतली सगळ्यांत मोठी चोणकं अंडी घालणारी. बाबा पूर्वी ती अभिमानानं घरी आणत. आता चारेक किलोच्या वरचा फोटो काढून सोडतो, हातभरापेक्षा लहानही सोडतो. मधला एक घरी. सोडताना पाण्यातच शेपटीच्या बुडाशी धरून, तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून थोडं थांबायचं, तो स्वतः झटका मारून जातो. ठेवायचा तो लगेच कल्ल्याखाली कापून रक्त काढून बर्फात. धक्क्यापर्यंत तसाच ठेवला तर उन्हात मास मऊ पडतं, मग रवा लावून तळलात तरी तुकडा तव्यावर सुटतो.

घरी आल्यावर आधी बाबांना आंघोळ, तुम्हाला नंतर. रीळ, पकड, गऱ्या गोड्या पाण्यात धुवा. रिळावर पाण्याची जोरदार धार मारू नका, मीठ आत शिरतं, नुसतं ओतून पुसा. कायाक सावलीत पालथी. मासा साफ करायचं काम आमच्याकडे बाबांचं. डोकं हुमणाला (माशाच्या आमटीला), मधले तुकडे तळायला, आणि शेपटीकडचा भाग शेजारी, कारण सुंगटं त्यांच्याच मानशीवरून विकत आणलेली असतात.